दाजींचं दगडी सीताफळ

आत्माराम मास्तर गेल्याचं मला कळलं तेव्हा मी तळोद्याच्या कचेरीत, बांधावरच्या एका चिंचेवरून चाललेलं दोन सख्ख्या भावांचं भांडण ऐकत उभा होतो. शाळेचा शिपाई धापा टाकत आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, मास्तर गयात." मी काही बोलायच्या आत माझ्या अशिलाने डोक्यावरची टोपी काढली, डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा सोडला, "देवमानूस व्हता!" हाच गृहस्थ गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार टवाळांबरोबर पत्ते कुटत ओट्यावर बसला होता आणि मास्तर समोरून जाताना "सीताफळ चालनं रे, सीताफळ!" म्हणून ओरडला होता. ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आता त्याचे मिटलेले डोळे पाहून मला किळस आली. ती चिंच शेवटी कोणाच्या वाट्याला गेली, ते मी अजून विचारलेलं नाही.

मास्तर म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नंदुरबारच्या शाळेत त्यांनी सारा जन्म शास्त्र शिकवलं. त्यांना जाऊन आता दीडेक महिना होतो आहे, आणि एवढ्यात त्यांच्यावर जे जे छापून आलं, जे जे बोललं गेलं, ते वाचून-ऐकून माझे कान किटले आहेत. कोणी त्यांना ऋषी केलं, कोणी खानदेशचं भूषण केलं. शोकसभेत एका वक्त्याने तर सांगून टाकलं की मास्तरांनी एका दगडातून वनस्पतींच्या उत्क्रांतीचं कोडं साऱ्या जगापुढे सोडवून दाखवलं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं हे मला ठाऊक होतं, पण आमच्या गावाने तर लोण्याचे गोळेही काढून दाखवले. म्हणून त्या सगळ्या लेखांना जोडलेली ही पुरवणी वाचणाऱ्यांना मी त्यांचा मेहुणा या नात्याने आधीच सांगून ठेवतो. दाजींनी काहीही सिद्ध केलं नाही. एक अक्षरही नाही. आणि ते का केलं नाही, एवढं एकच त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं आहे.

ते देवमाणूस वगैरे मुळीच नव्हते. अंगात मस्ती होती. भर वैशाखात कोट घालायचे, दुसऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधी दुरुस्त करायचे, आणि समोरच्याला कळलं नाही की दया केल्यासारखं हसायचे. कोटाच्या दोन्ही खिशांत दगड, त्यामुळे कोट कायम खाली ओढलेला. माझ्या लग्नात, भर पंगतीत, त्यांनी खिशातून पुडी काढली आणि माझ्या सासऱ्यांच्या पानात दोनचार काळपट वाळकी फळं ठेवली. सासऱ्यांना वाटलं, मुखशुद्धी आहे. दाजी म्हणाले, "खाऊ नका. आधी दखा. हाई फळ नई, हाऊ शंकू शे." सासरे माझ्याकडे बघायला लागले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी झालं होतं.

ती फळं म्हणजे हाऊबेर, काष्ठौषधीच्या दुकानात पोटदुखीवर मिळतं ते. हिमालयाकडच्या एका झाडाचं. दाजींचं सगळं वेड त्या हाऊबेरापासून सुरू झालं. आपण ज्याला फळ म्हणतो त्यात बी चहूबाजूंनी बंद असते, पेटीत दागिना ठेवावा तशी. पण चीड, म्हणजे पाइन, आणि देवदार यांच्या जातीच्या झाडांना फळ येतच नाही, खवल्याखवल्यांचा एक शंकू येतो आणि बी त्या खवल्यावर उघडीच बसलेली असते. खवले लाकडासारखे कोरडे. मात्र याच घराण्यातल्या काही झाडांचे खवले मऊ होतात, रसाने फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि बघणाऱ्याला ते बोर वाटतं. हाऊबेराच्या टोकाला नीट पाहिलं तर जिथे खवले जुळले तिथे तीन फाट्यांची शिवण दिसते. ती शिवण दाजी भेटेल त्याला दाखवत. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की कोरड्या शंकूला हा गर आला कधी आणि कशासाठी? कशासाठी याचं उत्तर ते स्वतःच देऊन मोकळे होत, "गर बीसाठी नसतो, बी वाहून नेणाऱ्यासाठी असतो. पाखराला खायला घालायचं आणि ओझं त्याच्याकडून न्यायचं." कधी, याचं उत्तर मात्र दगडातच मिळणार, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. लाकूड दगडात टिकतं. गर कुजतो. दगड व्हायला सवड मिळण्याआधीच तो गेलेला असतो.

नथ्थूभाईंच्या विहिरीने तो दगड दिला. नथ्थूभाई हे तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी मोठ्या खटल्याचं घर, कापूस आणि केळी, थोडी जमीन इकडे तळोद्याच्या वरच्या अंगालाही. दाजींच्या हाताखाली शिकलेले, म्हणून मास्तरांवर भक्ती. विहीर खणताना काळ्या पाषाणाचे दोन थर लागले आणि मधे करड्या गारेचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचा, हातभर पट्टा. दाजींच्या सांगण्याप्रमाणे लाव्हाचा एक लोट थंड झाला, दुसरा यायला पुष्कळ काळ गेला, त्या अवधीत तिथे तळं झालं, झाडं उगवली, आणि तळ्यातल्या गाळाची पुढे ही गार झाली. वडारांनी बाहेर फेकलेल्या त्या ढिगात दाजी उन्हात बसून राहिले आणि लिंबाएवढा एक गोळा घेऊन घरी आले. बाहेरून खवले खवले. कडेची एक कपची उडवून, पाट्यावर घासून घासून पातळ करून त्यांनी ती शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मीही पाहिली. काळ्या बारीक रेघांचं जाळं दिसलं, दाजींच्या मते त्या रसाच्या पेशींच्या भिंती, आणि एका खवल्यावर बसलेल्या बीचा तुकडा, वरून उघडा. "नाना, गर शे आनि बी उघडं शे," ते मला म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. तो कापरा आवाज मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

मग नाताळच्या सुटीत कॉलेजातले एक प्रोफेसर आले. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांना ते भूषण वाटेल. त्यांनी गोळा हातात घेतला, फिरवला, अंगणाच्या कुंपणाशी असलेल्या सीताफळाच्या झाडाकडे पाहिलं आणि हसले. "मास्तर, अहो हे सीताफळाच्या घराण्यातलं काहीतरी आहे. तुमच्या डोंगरात कशाला शंकू?" दाजींनी सांगायला सुरुवात केली, की सीताफळाला बाहेरून खवले दिसतात, पण आत प्रत्येक बी तिच्या गराने पुरी वेढलेली असते, इथे ती उघडी आहे. प्रोफेसरांनी कपचीही पाहिली. "कडेच्या तुकड्यावरून काय ठरणार? बरोबर मधोमध काप घेतलात तर बघू," असं म्हणून त्यांनी अक्काच्या हातचं भरीत दोनदा मागून घेतलं आणि गाडी गाठली. हे बोलणं ओट्यावरच्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दाजी गावाचे सीताफळ मास्तर झाले. फळ्यावर सीताफळाचं चित्र काढून ठेवलेलं असायचं. व्यापाऱ्यांच्या पेढीवर ज्यांना चिडाचं झाड आणि चिंचेचं झाड यांतला फरक सांगता आला नसता, ते "मास्तर, औंदा सीताफळ कसं शे?" विचारून पोट धरून हसायचे. दाजी चालत राहायचे. घरी येऊन अक्कावर ओरडायचे.

एवढी कठीण गार मधोमध कापायची कोणी? आमच्याकडे तसं हत्यार नव्हतं. नथ्थूभाई म्हणाले, गुजरातेत खंबायतला अकीकाचे रंगीत खडे कापणारे कारागीर आहेत, माझी सासुरवाडी तिकडचीच, मी स्वतः घेऊन जातो. दाजींनी गोळ्यावर शाईने रेघ मारली, "ह्या रेघवर कापानं, आनि घासी लई येवानं. बस," असं पुन्हा पुन्हा बजावलं, आणि गोळा कापसात गुंडाळून नथ्थूभाईंच्या हातात दिला. नथ्थूभाई परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. रुमाल सोडला तर आत दोन सुंदर अर्धुकं, आरशासारखी घासलेली, आणि लाल. डाळिंबासारखी लाल.

"दखा मास्तर," नथ्थूभाई म्हणाले, "कारागीर म्हने, कच्चा दगड आम्हना हातथून जात नई. मी म्हनं, मन्हा मास्तरनं काम शे, कसर ठेवू नका. तं त्यास्नी मडकामा घालीसन भट्टीमा पकाडं."

त्यांच्यात तशी रीतच आहे. अकीक आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आगीत भाजतात, तेव्हा त्याला रंग चढतो. न भाजलेला दगड गिऱ्हाइकाला देणं म्हणजे अर्ध्या कच्च्या भाकरी वाढण्यासारखं. कारागिराचा दोष नाही, नथ्थूभाईंचाही नाही. ते बिचारे प्रेमाने जास्तीचं काम करवून आले होते. दोष असलाच तर दाजींचा, कारण जगाला शिकवायची एवढी हौस असलेल्या या माणसाला "भाजू नका" हे दोन शब्द सांगायचं सुचलं नाही. दाजींनी अर्धुक हातात घेतलं, भिंग लावलं, दुसरं घेतलं, पुन्हा भिंग लावलं. पेशींच्या त्या काळ्या बारीक रेघा आगीत जळून गेल्या होत्या. एकही उरली नव्हती. त्यांनी नथ्थूभाईंच्या हातचा पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "काम झकास शे." एवढं खोटं बोलताना मी त्यांना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

आता गंमत अशी, की जळलेला तो दगड पाहणाऱ्याला आधीपेक्षा लाखपटीने बोलका झाला होता. लाल लाल फुगीर खवले, त्यांच्यावर पांढऱ्या बिया, प्रत्येक बी वरून मोकळी. आंधळ्यालाही दिसावं. मी तर म्हटलं, संपलं, हेच ना तुम्हाला पाहिजे होतं? त्याच विहिरीच्या ढिगातून दाजींनी गारेचा एक साधा तुकडा आणला, ज्यात पान नाही, फूल नाही, काही नाही. अंगणात खड्डा केला. अक्काने गोवऱ्या दिल्या, मडकं दिलं, आणि स्वतः पदराने धूर वारत आगीजवळ बसली, कारण दाजींना आग नीट राखता येत नसे. थंड झाल्यावर दगड हातोडीने फोडला. आत तोच लाल रंग, तसेच फुगीर डाग, मधे पांढरे ठिपके. दगडात कुठे लोखंडाचा अंश जास्त, कुठे कमी, तसतसा आगीने रंग उठवला होता. झाडाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे खंबायतहून आलेल्या अर्धुकातलं चित्र झाडाने काढलेलं की आगीने, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. दाजी त्या खड्ड्याशी उकिडवे बसून राहिले… अक्काने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तो तसाच राहिला.

आणि मग प्रोफेसर पुन्हा आले. त्यांच्या कानावर लाल दगडाची बातमी गेली होती. या वेळी कुंपणाकडे बघणं नाही, हसणं नाही. अर्धुक हातात घेतलं आणि चेहराच पालटला. "मास्तर! अहो हे तर स्वच्छ आहे! उघडी बी, गरदार खवला! इतक्या जुन्या थरातला असा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. मी निबंध लिहितो, तुमचं नाव पहिल्या ओळीत." ज्या माणसाने खरा दगड सीताफळ म्हणून फेकून दिला, तो रंगवलेल्या दगडापुढे लोटांगण घालत होता. विद्वत्तेबद्दल माझ्या मनात जो उरलासुरला आदर होता तोही ज्या दिवशी गेला, तो हा दिवस. दाजी उठले, आतून तो साधा तुकडा घेऊन आले आणि शाळेतल्या मराठीत म्हणाले, "साहेब, ह्यात झाड नव्हतं. हाही तसाच दिसतो. आधी हा बघा."

प्रोफेसरांनी तो पाहिला. कळलं त्यांना, मी समोर होतो, चेहऱ्यावर दिसलं. पण ते सावरले, तुकडा चटईवर ठेवला आणि प्रेमळ आवाजात म्हणाले, "हा कोणाला दाखवायची काय गरज आहे?"

दाजींनी त्यांच्या हातातलं अर्धुक काढून घेतलं. हिसकावलं नाही, पण विचारलंही नाही. प्रोफेसरांचं भरीत त्या दिवशी ताटात तसंच राहिलं.

मी त्यांना स्टेशनवर पोचवून आलो आणि दाजींवर तुटून पडलो. "जलमभर ज्यानी वाट दखी तो मानूस दारमा उना, आनि तुम्ही त्याले हाकली दिधं?" दाजी म्हणाले, "नाना, तो मन्हाकडे नई उना. तो रंगकडे उना." मी म्हटलं, निदान गावाची तोंडं बंद झाली असती, अक्काला चारचौघींत मान वर करून चालता आलं असतं. ते म्हणाले, गावाची तोंडं बंद करण्यासाठी मी दगड फोडला नव्हता. मला संताप आला. खरं सांगतो, अजूनही येतो. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हा गृहस्थ कपाळ धुवायला गेला. पुढे ते वर्षानुवर्षं त्या ढिगात, दुसऱ्या विहिरींच्या ढिगांत, नव्या खाणींत भिंग घेऊन फिरले. तसा गोळा पुन्हा मिळाला नाही. गाव "सीताफळ" म्हणत राहिलं, आणि ते वर्गात मुलांना हाऊबेराची शिवण दाखवत राहिले, आणि कोणी विचारलंच तर "मला वाटतं, पण माझ्याकडे पुरावा नाही" एवढं बोलून खडू उचलत. माझ्यासारख्याला त्यांचं ते खडू उचलणं बघवत नसे. जो माणूस पंगतीत सासऱ्यांना गप्प करायचा, त्याला या एका वाक्यापुढे जाता येऊ नये याचं मला फार वाईट वाटे. अजून वाटतं.

गेल्या आठवड्यात शोकसभेची मंडळी अक्काकडे आली. अध्यक्ष पुढे. हे तेच, पेढीवर बसून सीताफळाचा भाव विचारणारे. आता खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर दुःख. शाळेच्या सभागृहात काचेची पेटी करायची, तिच्यात मास्तरांचा लाल दगड ठेवायचा आणि खाली पितळी पाटी. पाटीचा मजकूर त्यांनी करूनच आणला होता आणि मला वाचायला दिला, 'गरदार शंकूचा जगातील पहिला पुरावा, शोधक कै. आत्माराम मास्तर.' मी तो मोठ्याने वाचला. कुत्सित काहीतरी बोलायला माझ्या जिभेवर आलंच होतं, पण अक्का उठून आत गेली. आमच्या अक्काला लिहिता-वाचता येत नाही. शंकू म्हणजे काय हे तिने कधी विचारलं नाही. मला वाटलं, ती आता दगड आणून देईल आणि सारं गोडीने संपेल, म्हातारीला तेवढाच मान.

तिने दोन्ही हातांत दोन दगड आणले. एका हातात ते चकचकीत अर्धुक, दुसऱ्या हातात हातोडीने फोडलेला तो ओबडधोबड तुकडा. दोन्ही अध्यक्षांपुढे चटईवर ठेवले.

"लई जा तं दोन्ही लई जा," ती म्हणाली.

अध्यक्षांनी तुकडा उलटापालटा केला. "आक्का, हाऊ दुसरा कसाले? ह्यामा काय शे?"

"काहीच नई शे," अक्का म्हणाली. "म्हनीसन तं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, वकील समजावून सांगेल. मी जन्मभर लोकांना समजावत आलो आहे, पण त्या दिवशी पाटीच्या मजकुराचा कागद घडी घालून मी त्यांच्या हातात परत दिला. मंडळींनी चहा घेतला, उपरणी सावरली, "विचार करतो," म्हणाली आणि एकही दगड न घेता निघून गेली. अक्काने दोन्ही पदराने पुसले आणि पुन्हा शेजारी शेजारी ठेवून दिले.